झाकण नसलेली टाकी

हौसरावांच्या डोक्यात गावातल्या प्रत्येक माणसाचं एक खातं होतं. पैशाचं नव्हे, पैशाच्या बाबतीत ते चोख होते, कुणाचं देणं लागत नव्हते. हे खातं वेगळं. लग्नाची पत्रिका कोण स्वतः घेऊन आला आणि कोणी ती पोराच्या हाती धाडली, आपण रामराम घातल्यावर कोण थांबला आणि कोणी गाडीवरूनच मान हलवली, आजारपणात कोण भेटायला आला आणि दारातूनच का परतला, हे सगळं वर्षानुवर्षं तिथं जमा आणि नावे होत राहायचं. माणूस मेला तरी हौसराव त्याचं खातं बंद करत नसत. ते पोराच्या नावावर चढवत.

मांडवगण फराट्याहून भीमेकडं उतरणाऱ्या रस्त्याला त्यांची वस्ती. पुढं घर, घरामागं बायकोची परसबाग, परसबागेमागं एक मोकळी पट्टी आणि पट्टीला लागून अब्राहाम आप्पांचा ऊस. सगळ्यांत जाड खातं या अब्राहाम आप्पांचं.

तसं दोघांचं वैर नव्हतं. नाताळला आप्पांकडून करंज्यांचा डबा यायचा, दिवाळीला इकडून चकल्यांचा जायचा, आणि कुठलाच डबा रिकामा परत जाऊ नये एवढी काळजी दोन्हीकडच्या बाया घ्यायच्या. आप्पा देवळातले, म्हणजे त्यांच्या चर्चचे, पंच. हौसराव सोसायटीवर दोनदा निवडून आलेले. दोघंही एकमेकांना अहोजाहो करत. भांडण होतं ते त्या पट्टीचं. बैलगाडी उभी राहील एवढीच रुंदी, पण दोघांच्या मनात ती विमानतळाएवढी होती. पूर्वी तिथं हद्दीचा दगड होता. ओढा साफ करायला जेसीबी आला, त्यात तो दगड गेला. आप्पा म्हणत, दगड परसबागेच्या कडेला होता. हौसराव म्हणत, उसाच्या पहिल्या सरीला होता. सरकारी मोजणी आणली असती तर एका सकाळीत निकाल लागला असता. पण मोजणीचं नाव दोघांपैकी एकही काढत नसे, कारण बाकीच्या बाजूंचे बांध आपण केव्हा आणि किती सरकवले आहेत, हे दोघांनाही नीट आठवत होतं.

अशात सरूबाईंना खत करायचं सुचलं.

सरूबाई म्हणजे हौसरावांची बायको. बचतगटाच्या बायांबरोबर त्या दौंडला एका प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना डोक्यात ओला कचरा, सुका कचरा घेऊन आल्या. त्यांची परसबाग होती चार वाफ्यांची. वांगी, मेथी, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात अळू आणि एक शेवगा. पण माती पार दमली होती. युरिया टाकला की पानं तरारायची आणि फळ धरायचं नाही.

"अवो, भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, समदं आपण फेकून देतो. त्याचंच काळं सोनं होतंय म्हनं," सरूबाई म्हणाल्या.

"झालं की सांग. सोनाराकडं जाऊन यीन."

"चेष्टा नका करू. त्या मॅडमनी समदं करून दाखवलं. ओल्याचा एक थर दिला की वर सुक्या पाल्याचे दोन द्यायचे. पिळलेल्या फडक्यावानी ओल ठेवायची. मटण, मासळी अजिबात टाकायची न्हाई, वास सुटतो आन् कुत्री येत्यात. डबा कसला घ्यायचा ते बी सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी, अर्ध्या सावलीत, खाली भोकं आन् वर घट्ट झाकण."

"एवढी बडदास्त तर माझ्या आईची नव्हती ठिवली कुणी."

"आत्याबाईंना मी दहा वर्सं हातानं भरवलंय," सरूबाई शांतपणे म्हणाल्या, आणि हौसरावांनी तो विषय तिथंच मिटवला. त्या खात्यावर ते स्वतः नावे होते.

पोरगा पृथ्वीराज रांजणगावला कंपनीत होता, शिरूरला फ्लॅट घेऊन राहायचा. आईचा फोन गेला आणि पुढच्याच रविवारी तो गाडीच्या टपावर हिरवा प्लास्टिकचा ड्रम बांधून घेऊन आला. फिरकीचं झाकण, खाली तयार खत काढायला छोटं दार, बाजूनं हवेची भोकं. सरूबाईंनी त्यावरून असा हात फिरवला, जणू नवी गाय दारात आली.

हौसरावांनी ड्रम बुटानं ढकलून पाहिला. तो सहज सरकला.

"हलका हाय," ते म्हणाले.

"हलकाच पाहिजे ना आबा. आईला एकटीला हलवता आला पाहिजे. ऊन आलं की सावलीत घ्यायचा."

"म्हंजी कुनी बी हलवू शकतं."

"कोण कशाला हलवील? कचऱ्याचा डबा आहे तो."

त्या दिवसापासून हौसरावांनी खताच्या डब्यांचा असा अभ्यास सुरू केला की सरूबाई आधी चकित झाल्या आणि मग खूश. न्हावऱ्याला कुणाकडं जाळीचं गोल कडं होतं, ते जाऊन पाहिलं. शिरूरच्या कृषी प्रदर्शनात मातीची रांजणं पाहिली, एकावर एक ठेवलेली. खुटबावला पाहुण्याकडं विटांची नाडेप टाकी होती, विटांमध्ये फटी ठेवून बांधलेली. तिच्याभोवती ते तीनदा फिरले आणि भिंतीला खांदा लावून पाहिला. परत आले ते ठरवूनच.

"जाळी उपटता येती. रांजण फुटतं. ड्रम तर वाऱ्यानं जाईल. टाकी बांधायची."

"आपल्या एवढ्याशा कचऱ्याला टाकी?" सरूबाई म्हणाल्या. "भरायला वर्स लागंल. आन् बांधायची कुठं? दारापाशी जागा न्हाई."

"दारापाशी न्हाई. पट्टीवर."

सरूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली. नवऱ्याच्या डोक्यातलं खातं त्यांना उलगडून दाखवावं लागत नसे.

"म्हंजी खत न्हाई करायचं तुमाला. कबजा करायचाय."

"दोन्ही व्हतंय की एका कामात."

"आप्पा काय म्हनतील?"

"काय म्हनणार? कचरा टाकायला जागा लागती, ती जागा आमची, म्हनून टाकतो. वहिवाट म्हंत्यात त्याला. नुसतं तोंडानं माझी माझी म्हनून जागा व्हत न्हाई सरू, वापर दिसावा लागतो. रोज दिसावा लागतो."

पृथ्वीराजनं फोनवर थोडा वाद घातला आणि सोडून दिला. हिरवा ड्रम गोठ्याच्या कोपऱ्यात गेला. त्यात हौसरावांनी जुनी सुतळी आणि फाटकी पोती भरली.

भिमाजी गवंड्यानं टाकी बांधली. खाली काँक्रीट, भिंत छातीएवढी, आणि उसाच्या पहिल्या सरीपासून हातभर अंतरावर. शेवटचा थर देताना भिमाजीनं विचारलं, "आबा, झाकनाला बिजागरी कुठल्या अंगानं बसवू? पत्रा मापात कापून घेतो."

"झाकण न्हाई."

"ऑं? उघडी ठिवली तर पाऊस जाईल, कुत्री उड्या मारतील."

"झाकण घातलं की पान्याची टाकी हाय का खताची, कुनाला कळतंय? आत काय हाय ते रस्त्यावरनं दिसलं पाहिजे."

भिमाजीनं थापी धुतली. कचरा लोकांना दाखवायची हौस असणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

अब्राहाम आप्पा तिसऱ्या दिवशी आले. टाकीकडं पाहिलं, मग हौसरावांकडं, मग परत टाकीकडं.

"मजबूत झालीय," आप्पा म्हणाले.

"व्हय. भिमाजीचा हात हाय."

"पाया किती घेतला?"

"घेतलाय चांगला."

"हां." आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कचऱ्याला एवढा पाया मी पहिल्यांदाच बघतोय. आमच्या देवळाला बी एवढा नसंल."

"तुमचं देऊळ गोऱ्या सायबानं बांधलं. त्याला कुठं जायचं असंल कवा बी. आमाला हितंच ऱ्हायचंय."

आप्पा हसले. हौसरावही हसले. दोघंही आपापल्या घरी गेले आणि दोघांनाही रात्री नीट जेवण गेलं नाही.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, सरूबाई बादली घेऊन टाकीवर जायच्या. आधी मागच्या दाराबाहेर टोपलीभर कचरा साठवून दोन दिवसांनी नेत होत्या, पण हौसरावांनी ते बंद केलं. वहिवाटीत खंड नको. त्या जायच्या, ओला थर द्यायच्या, वर पाचट पसरायच्या, पाण्याचा शिपका मारायच्या. एकाच वाटेनं जाऊन जाऊन परसबागेतून टाकीपर्यंत एक पांढरी पायवाट पडली. हौसराव कधी कधी तिच्या कडेला उभे राहायचे आणि समाधानानं पाहायचे. कागदापेक्षा बायकोच्या पायांनी उमटवलेली रेघ पक्की. फोनमध्ये त्यांनी त्या वाटेचे फोटो काढून ठेवले होते: पावसाळ्यातली वाट, श्रावणातली वाट, दसऱ्याची वाट. सरूबाई एकाही फोटोत पूर्ण नव्हत्या. कुठं पदर, कुठं बादलीचा हात.

खतही होत होतं, नाही असं नाही. दिवाळीच्या सुमाराला सरूबाईंनी खालच्या फटीत हात घालून मूठभर बाहेर काढलं. काळं, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या झाडाखाली येतो तसा वास. "हात लावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आतून कसं गरम हाय बघा. जित्तं हाय ते." हौसरावांनी लांबूनच मान हलवली. त्यांचं लक्ष उसाच्या सरीकडं होतं. आप्पांनी भर लावताना माती थोडी इकडं ओढल्यासारखी वाटत होती.

त्या मातीचा वचपा म्हणून त्यांनी पुढचं काम केलं. रविवारी घरात कोंबडी आली, तेव्हा पिसं, आतडी, हाडं, सगळं टाकीत टाकायला सांगितलं.

"मॅडमनी न्हाई म्हनून सांगितलंय," सरूबाई म्हणाल्या.

"मॅडमला पट्टी न्हाई. दुपारनंतर वारं आप्पाच्या घराकडं जातंय. वास घिऊ दे की जरा."

"आप्पांची ग्रेस गेल्या वर्सी माझं गुडघं शेकून द्यायला रोज यायची."

"ते तुझ्या खात्यावर. माझ्या न्हाई."

सरूबाईंनी बादली उचलली. त्या दिवसापासून दर रविवारी टाकीत ते जाऊ लागलं, वरून कितीही पाचट टाकलं तरी वास लपेना, आणि कुत्री यायला लागली. आधी वस्तीतली दोन, मग रस्त्यावरची, मग कुठली कुठली. टाकीच्या काठावर चढून ती आत उकरायची. सरूबाई आल्या की खाली उतरून शेपूट हलवायची. त्यांना नावंही पडली.

मग ती कमी व्हायला लागली. नाताळच्या आसपास लंगडं कुत्रं दिसेनासं झालं, नंतर पिलांची आई. कोणी म्हणालं गाडीखाली गेली, कोणी म्हणालं दौंडच्या बाजूला पळाली. मग आप्पांच्या गड्याला सरीत पंज्याचा ठसा दिसला.

गावात नवल नव्हतं. ऊस आहे तिथं बिबट्या आहे, आणि इकडं सगळा ऊसच. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरून गेली: अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडू नका, घराजवळ उघड्यावर कचरा टाकू नका, कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं तो येतो. पलीकडच्या गावातल्या बायका, बिबट्यानं मान धरू नये म्हणून, खिळ्यांचे पट्टे गळ्यात घालून खुरपायला जात होत्या. तो फोटो सगळ्यांच्या फोनवर होता. सरूबाईंनी तो नवऱ्याला दाखवला.

"तुमच्या टाकीवर जायचं म्हंजी मला बी एक करून आना."

"आनतो की. सोन्याचा आनतो."

"पस्तीस वर्सांत गळ्यात नवीन काय घालाल तर खिळं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हौसरावही हसले. पण सरूबाई लगेच गंभीर झाल्या. "खरंच सांगते, मला आता भ्या वाटतंय तिकडं. ऊस नुसता हलतो. काही दिस ड्रम काढू या ना, दारापाशी ठिवू. तोड झाली, ऊस गेला, की मंग जाईन पुन्हा टाकीवर."

"तोडच तर व्हायचीय. कारखान्याची टोळी आज आली, उद्या आली. आन् नेमका तवाच आप्पा नांगर घालनार. नांगरताना टाकी वापरात हाय दिसली पाहिजे का न्हाई? मोक्याच्या वक्ताला आपन माघार घ्यायची?"

सरूबाई भाकरी थापायला बसल्या.

आप्पा आले ते करंज्यांचा डबा घेऊन. यंदा ग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, बहिणीकडं मयत झाल्यामुळं डबा नाताळनंतर आला, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. हौसराव अशी तारीख लक्षात ठेवतात हे त्यांना ठाऊक होतं. मग बसले, चहा घेतला, आणि बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडं बोट केलं. गाडीत एक पत्रा होता. मापात कापलेला, चारी कडा वळवलेल्या, वर धरायला कडी, दोन बिजागऱ्याही लावलेल्या.

"भिमाजीकडनं माप घेतलं," आप्पा म्हणाले. "टाकीला झाकण घाला हौसराव. जागेचं आपण मागनं बघू. माझ्या सरीत कुत्र्याची मुंडी सापडली परवा. तो तुमच्या टाकीपाशी दबा धरतोय."

दाराआडून सरूबाईंच्या बांगड्यांचा आवाज आला. त्या ऐकत होत्या.

हौसरावांनी पत्र्याकडं पाहिलं. कामाचा होता, नवा होता. आणि त्यांच्या डोक्यातलं खातं भराभर उघडलं. हा माणूस इतक्या चांगुलपणानं कशाला आला? झाकण त्याचं घेतलं म्हणजे टाकी अर्धी त्याची झाली. उद्या चार माणसांत म्हणेल, सामायिक जागा, सामायिक टाकी, विटा यांच्या आन् पत्रा माझा. भिमाजी साक्षीला आहेच. अरे वा आप्पा! पाया मोजायला आला होतास, आता वरून डोकं घालतोस.

"पत्रा छान हाय," हौसराव म्हणाले. "पण आमच्याकडं हाय. घालू आमचं आमी."

"हाय तर मंग आजच घाला. मी हात लावू का?"

"नको नको. आमच्या टाकीला आमी घालू."

आप्पा उठले. "वयनी," ते दाराकडं तोंड करून म्हणाले, "सांजच्याला तिकडं जाऊ नका." आणि पत्रा घेऊन परत गेले.

"हाय कुठं आपल्याकडं झाकण?" सरूबाईंनी बाहेर येऊन विचारलं.

"करून घिऊ. भिमाजीला सांगतो."

भिमाजीला त्यांनी सांगितलंही. पण भिमाजी वरवंडला कामावर होता, म्हणाला संक्रांत झाली की येतो. हौसरावांना घाई नव्हती. घाईनं झाकण घातलं असतं तर आप्पांच्या सांगण्यावरून घातलं असं दिसलं असतं.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी सरूबाई ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, वांगी. शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला होता. कोपऱ्यात वाणाची सुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. शिरूरहून सून राजनंदिनी दुसऱ्या दिवशी येणार होती, पहिली संक्रांत तिची.

"टरफलं राहू दे आता," सरूबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "सकाळी टाकीन."

"आज सकाळी बी गेली न्हाईस," हौसराव म्हणाले.

"पानी आलं व्हतं, धुनं व्हतं."

"म्हंजी आजचा दिवस कोराच जायचा का?"

सरूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं असं हौसरावांना पुढं कितीदा वाटलं. कंटाळा होता. वर्षानुवर्षं एकाच माणसाला एकच गोष्ट समजावून थकलेल्या माणसाचा असतो तसा. मावळतीला अजून लाली होती. त्यांनी टरफलं बादलीत भरली, चपला घातल्या.

"बॅटरी घिऊन जा," हौसराव म्हणाले. एवढं ते म्हणाले होते. पुढं लोकांना सांगताना हे वाक्य ते आधी सांगत.

"उजेड हाय," सरूबाई म्हणाल्या आणि गेल्या.

हौसराव ओसरीवर बसून राहिले. टाकीकडून कुत्र्यांचं भुंकणं आलं आणि तोडल्यासारखं थांबलं. मग बादली काँक्रीटवर आपटल्याचा आवाज. मग उसाची पानं करकरली, जोरात, माणूस घुसावा तशी.

आप्पा! हौसरावांच्या मनात पहिलं नाव ते आलं. अंधार बघून आला, टाकीला हात घालतोय. सरूला दमदाटी करतोय. ते ताडकन उठले. कोनाड्यात काठी होती, तिच्याशेजारी बॅटरी होती. त्यांनी फोन उचलला. चालता चालता व्हिडिओ चालू केला, हात उंच धरला, आणि मोठ्यानं, पुराव्यात नीट यावं म्हणून स्पष्ट शब्दांत म्हणाले, "कोन हाय आमच्या जागेत? सरू, कोन हाय गं?"

त्या व्हिडिओत पायवाट दिसते. मग टाकी. टाकीच्या बाजूला आडवी पडलेली बादली, हिरवी टरफलं, एक चप्पल. मग चित्र हलतं. टाकीपासून उसाकडं मातीत फरफटत नेल्याची खूण दिसते, पट्टी ओलांडून सरळ पहिल्या सरीत. हौसरावांचा आवाज येतो, पण तो त्यांचा वाटत नाही. त्यानंतर फोन खाली पडलेला आहे आणि पडद्यावर नुसतं आभाळ.

ओरडण्याला पहिले धावले ते अब्राहाम आप्पा आणि त्यांचे दोन गडी. आप्पांनी गड्याच्या हातातला कोयता घेतला आणि स्वतःच्या उभ्या उसात घुसले, तोडत, आरडत, मागं गडी डबे बडवत. वस्ती जमली. ट्रॅक्टरचे दिवे उसावर लावले. सरूबाई फार आत नव्हत्या. आप्पांनी त्यांना बाहेर आणलं तेव्हा अंगावरची शाल त्यांनी बाईवर घातली होती, चेहराही झाकला होता, आणि हौसराव पुढं झाले तेव्हा आप्पा म्हणाले, "नका बघू. हौसराव, ऐका माझं. नका बघू."

आयुष्यात एवढी एकच गोष्ट हौसरावांनी आप्पांची ऐकली.

पिंजरे लागले, साहेब आले, पंचनामा झाला. पंचनाम्यात जागा लिहायची वेळ आली. लिहिणाऱ्यानं विचारलं, "हे नेमकं कुणाच्या हद्दीत?" पृथ्वीराज टाकीला पाठ लावून उभा होता. त्यानं बापाकडं पाहिलं नाही.

"त्यांच्या," आप्पा म्हणाले. "पट्टी हौसरावांची हाय. ल्ह्या. मी सही करतो."

लिहिणाऱ्यानं लिहिलं. आप्पांनी सही केली. मग हौसरावांकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "दगड कुठं व्हता ते मला खरंच आठवत न्हाई. राहू द्या तुमालाच." त्यात टोमणा असेल म्हणून हौसराव शोधत राहिले. सापडला असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. नव्हता.

त्याच आठवड्यात आप्पांनी कारखान्याची वाट न पाहता पट्टीलगतचा ऊस कापून टाकला. आता घराच्या मागच्या दारातून सरळ लांबवर दिसायचं. हौसराव दारात बसून तिकडं बघायचे. पायवाट तशीच पांढरी होती. मधल्या दिवसांत कोणी चाललं नव्हतं, पण इतक्या महिन्यांचं चालणं मातीतून इतक्यात जात नाही. राजनंदिनीनं आवराआवर करताना सुगडं विचारली, ह्यांचं काय करू, तर त्यांनी मान फिरवली. पृथ्वीराज बापाशी कामापुरतं बोलत होता. "आबा, चहा." "आबा, गुरुजी आले." त्यानं अजून काही विचारलं नव्हतं. हौसराव त्या प्रश्नाची वाट पाहत होते; उत्तर तयार होतं. बॅटरी घिऊन जा म्हनालो व्हतो. पण पोरगा विचारतच नव्हता.

तेराव्याला गाव जेवलं. मांडव पुढं होता, पंगती उठत होत्या. हौसराव मागच्या दारात बसले होते. वाढपी पोरं खरकट्या पत्रावळ्यांचे भारे घेऊन घराला वळसा घालून मागं आली आणि थांबली. त्यांच्यातल्या एकानं ओरडून विचारलं, "कुठं टाकायच्या रं?"

"ती काय खताची टाकी," कोणीतरी म्हणालं. "रस्त्यावरनं दिसती की."

पोरं पायवाटेनं निघाली. एकामागं एक, हातात भारे, पत्रावळ्यांतून बुंदी आणि भात सांडत. परत आली, पुन्हा गेली. हौसराव उठले. "तिकडं नको," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अरं, तिकडं नका टाकू." मांडवात पुढची पंगत बसत होती, पाण्याचे जग आपटत होते, कोणाला ऐकू गेलं नाही. पायवाट त्यांच्या डोळ्यांदेखत रुंद होत गेली.

ऊन उतरायला लागलं होतं. तोडलेल्या उसाच्या खोडव्यातून एक पिवळं कुत्रं आलं, टाकीपासून लांब बसलं. मग दुसरं.

हौसराव पट्टी ओलांडून चालत गेले, खोडवं तुडवत, आप्पांच्या घरापर्यंत. आप्पा जेवून येऊन अंगणात हात पुसत होते. हौसराव उभे राहिले. कोणाच्या दारात जाऊन काही मागायची त्यांना सवय नव्हती. बोलायला कुठून सुरुवात करतात तेही आठवेना.

"आप्पा," ते म्हणाले, "ते झाकण हाय का अजून?"

आप्पांनी कोंबड्यांच्या खुराड्याकडं पाहिलं. पत्रा तिथं आडवा लावला होता. दोघांनी मिळून तो काढला, एका बाजूला एकानं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यानं धरला, आणि तो वाहून टाकीपर्यंत आणला.

माप बरोबर होतं. भिमाजीचं माप चुकत नसे. पण टाकी पत्रावळ्यांनी काठाच्या वर भरली होती, त्यांचा ढीग पत्र्याला खाली बसू देईना. एका बाजूनं दाबला की दुसरी बाजू उचलायची. हौसरावांनी पत्रा सोडला, दोन्ही हात कोपरापर्यंत खरकट्यात घातले आणि खाली रेटायला लागले. पत्रावळ्यांच्या खाली पाचट लागलं, आणि पाचटावर वाळून कडक झालेली पावट्याची टरफलं. कोणीतरी ती झाडून आत टाकली असावीत. त्याच्याही खाली हाताला गरम लागलं. सरूबाईंनी दिलेले थर होते ते. अजून शिजत होते.

"हौसराव," आप्पा म्हणाले. "थोडं बाहेर काढू. असं न्हाई बसायचं."

हौसराव दाबत राहिले. कुत्री आता पाचसहा झाली होती, खोडव्यात ओळीनं बसून ती दोघांचं काम होण्याची वाट बघत होती, आणि मांडवाकडून पोरं आणखी एक भारा घेऊन पायवाटेनं येत होती.